हॉस्पिटल कुठं आहे, सर?

बसस्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर बसणारे ॲडमिशनवाले सर यांस,

तुमचं नाव मला माहीत आहे, तरी इथं लिहीत नाही. तुम्ही एकटेच असता तर लिहून मोकळी झाले असते. पण बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या तालुक्यातालुक्याला तुमच्यासारख्यांचे फ्लेक्स लागतात. पांढरा ॲप्रन घातलेली हसरी मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, डोक्यावर उडणारं विमान आणि खाली मोबाईल नंबर. तेव्हा ज्याला हे पत्र झोंबेल त्यानं ते आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

'सर' हा शब्द शिकवणाऱ्याचा. मी ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. आधी वॉर्डात, मग ओटीत, आणि शेवटची अकरा वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये सिस्टर ट्यूटर म्हणून. तुम्हाला 'सर' म्हणताना माझी जीभ अडखळते. पण तुम्ही ॲडमिशन करून दिलेली एक पोरगी अजून तुम्हाला सरच म्हणते, तिचा बापही म्हणतो, म्हणून मीही लिहिते. आपण या शब्दाचं काय केलं आहे ते तुम्हाला कळावं.

यंदा कारखान्याचा पट्टा पडला आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या, त्याच आठवड्यात ते दोघं माझ्या दारात उभे राहिले. बाप बीड जिल्ह्यातला, दरसाल बायकोला घेऊन कोयत्याला जाणारा. पोरगी बारावी सायन्स, घरात पहिलीच इतकी शिकलेली. हातात कापडी पिशवी. पिशवीत तुमचं चकचकीत माहितीपुस्तक, तीन पावत्या, घडी न मोडलेला ॲप्रन आणि एक लॉगबुक.

लॉगबुक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार, कारण ते तुमच्या माहितीपुस्तकात नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं कोणतं काम किती वेळा पाहिलं, किती वेळा कुणाच्या देखरेखीखाली केलं आणि किती वेळा एकटीनं केलं, याची ती नोंद. प्रत्येक कामापुढं तारीख आणि शिकवणाऱ्याची सही. मी तिचं उघडलं. ताप, नाडी, श्वास. बेड बाथ. रायल्स ट्यूब. कॅथेटर. इंजेक्शन. ऑक्सिजन. सगळे रकाने भरलेले. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एका बैठकीत ओढलेल्या. घाईत पान उलटल्यानं शाई समोरच्या पानावर उमटलेली. तारखा वाचत गेले तेव्हा दिवाळी पाडव्याच्या दिवशी या पोरीनं चार कॅथेटर घातल्याचं दिसलं. त्या दिवशी ती गावी आजीजवळ होती.

मी बीपीचं यंत्र काढलं आणि म्हटलं, "बापाचं बीपी बघ." तिनं पट्टा दंडाऐवजी कोपरावर गुंडाळला, नळ्या वरच्या बाजूला. स्टेथोस्कोप उलटा कानात घातला. कोपराच्या खोबणीत नाडी कुठं लागते ते शोधत तिची बोटं फिरत राहिली, मग थांबली. बाप कौतुकानं बघत होता. लेक डॉक्टरणीसारखं काहीतरी करतेय, एवढंच त्याला कळत होतं. आणि पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मावशी, आमाला कुनी दाखवलंच न्हाई. पेशंटच नव्हते तिथं."

दीड वर्ष, सर. दीड वर्ष ती शेजारच्या राज्यातल्या त्या कॉलेजात होती.

तिला तुम्ही इमारत दाखवली होती, फोटोत. पुढं बाग, कारंजं, काचेचा दरवाजा. प्रत्यक्षात ते कॉलेज तीन मजली आहे, खालच्या मजल्यावर टायरचं दुकान आहे, आणि कागदावर ज्याला 'स्वतःचं हॉस्पिटल' म्हटलंय त्या मागच्या शेडमध्ये चौदा खाटा आहेत. गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. तपासणीला माणसं येणार म्हटल्यावर आदल्या रात्री भाड्यानं आणखी खाटा आल्या. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलींना साध्या साड्या नेसवल्या, डोक्याला बँडेज गुंडाळलं, हाताला सलाईनची नळी नुसती चिकटपट्टीनं चिकटवली आणि झोपवलं. ही पोरगी त्या दिवशी पोटाच्या ऑपरेशनची पेशंट होती. तपासणीचं पथक तिच्या खाटेजवळून पाच पावलांवरून गेलं. पेशंट बघितले, मोजले, गेले.

जिला पेशंटची सेवा शिकायची होती तिला तुम्ही पेशंटचं सोंग शिकायला पाठवलंत.

आता बापाचं ऐका. तो म्हणतो, "सर म्हनले, पेपरबिपर देयाची गरज न्हाई, थेट ॲडमिशन हाय. वर म्हनले, डिग्री हाय, सरकारी नोकरी लागंल, न्हाई तर जर्मनी." त्यानं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. दीड लाख रुपये. ती फेडायला पुढचा हंगाम त्याला, त्याच्या बायकोला आणि सोबत धाकट्या मुलालाही फडात उभं राहावं लागलं. धाकट्याची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. तुमच्या तीन पावत्यांवर कोर्सचं नाव नाही, कॉलेजचा शिक्का नाही. एकीवर 'बुकिंग', दुसरीवर 'हॉस्टेल व किरकोळ', तिसरीवर नुसताच आकडा. पहिल्या परीक्षेचं हॉल तिकीट आलं नाही तेव्हा तिनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, मंजूर जागा भरल्यात, पुढच्या बॅचमध्ये नाव घालू. म्हणजे वर्षभर ती पोरगी विद्यापीठाच्या लेखी कुठंच नव्हती.

हे सगळं तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. कॉलेजकडून एका डोक्यामागं तुम्हाला किती मिळतात ते तुमच्या पाटीवर लिहा. 'मार्गदर्शन मोफत' या शब्दांच्या बरोबर खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत.

तुम्ही तिला आणि तिच्या मैत्रिणीला जे सांगितलंत त्यातलं एकेक मी तिच्याकडून काढून घेतलं. 'पेपर द्यायची गरज नाही' हे त्यातलं पहिलं. भारतीय परिचर्या परिषदेनं, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलनं, २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचे नवे नियम काढले. चार वर्षं, आठ सेमिस्टर. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, वय १७ पूर्ण. आणि प्रवेश परीक्षा. आपल्या राज्यात ती सीईटी कक्ष घेतो. तीनही विज्ञान विषय, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न. अवघड नाही. ऊसतोड्याच्या पोरीला जमण्यासारखी आहे, आणि या पोरीला तर नक्की जमली असती. तिची गुणपत्रिका मी पाहिली आहे. तुम्ही तिला परीक्षेची भीती घातलीत, कारण सीईटी दिली असती तर ती रांगेत लागली असती. रांगेतून गेलेल्या मुलीवर दलाली मिळत नाही.

दुसरं, 'नॉन-अटेंडिंग चालतं, महिन्यातून एकदा जायचं'. हे तुम्ही तिला नाही, तिच्या मैत्रिणीला सांगितलंत. त्याच नियमांत लिहिलंय की परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हीला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. शंभर. एक नाइट ड्युटी बुडाली तर ती नाइट पुन्हा करायची. आमच्या वेळीही हेच होतं. टायफॉइडनं माझे १८ दिवस बुडाले होते, ते मी शेवटच्या वर्षानंतर एकटीनं भरले, मैत्रिणी नोकरीला लागल्या तरी. तेव्हा रडले होते. पुढं वॉर्डात उभी राहिल्यावर कळलं ते नियम कशासाठी आहेत.

कशासाठी, ते सांगते. पोटॅशियम क्लोराइड नावाचं औषध प्रत्येक आयसीयूच्या ट्रेमध्ये असतं. पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं की ते सलाईनमध्ये मिसळून, हळूहळू, थेंब मोजत द्यायचं. तीच ॲम्प्यूल कुणी सिरिंजमध्ये ओढून सरळ शिरेत ढकलली तर हृदय बंद पडतं. त्या खाटेशी पहाटे तीन वाजता डॉक्टर नसतो. तिथं सिस्टर असते, तिच्या हातात ॲम्प्यूल असते, आणि ॲम्प्यूलवरचं बारीक नाव तोडण्याआधी एकदा, ओढताना एकदा आणि देण्याआधी एकदा वाचायची तिला सवय असते किंवा नसते. ही सवय पुस्तकानं लागत नाही. मागं उभी असलेली ट्यूटर ओरडते, "नाव वाच!" असं शेदोनशे वेळा झालं की लागते. तुमच्या कॉलेजातून प्रमाणपत्र घेऊन एखादी मुलगी अशा खाटेशी उभी राहिली आणि खाटेवर तुमची आई असली, तर? मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मोठा दवाखाना असा एखादाच असतो. तुमची माणसं तिथंच यायची आहेत.

अरुणा शानबाग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. नर्सेसच्या किती पिढ्या आल्या, निवृत्त झाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या देहाला बेडसोर होऊ दिला नाही. त्यांच्याबद्दलच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सेवेची वाखाणणी केली. ज्यांनी घरात एखादं म्हातारं माणूस दोन महिने अंथरुणावर पाहिलं आहे त्यांना विचारा बेडसोर न होऊ देणं म्हणजे काय असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी करायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाच गादीला टेकू द्यायची नाही, आणि ते टिपून ठेवायचं म्हणजे पुढच्या पाळीतली सिस्टर तिथून पुढं धरेल. पदवी याची मिळते.

म्हणून नर्सिंगचं कॉलेज बघायला जाताना आधी कॉलेज बघायचं नसतं, हॉस्पिटल बघायचं असतं. हा एक प्रश्न तुम्ही कुणाही आईबापाच्या तोंडी येऊ देत नाही: हॉस्पिटल कुठं आहे? बागेचा फोटो दाखवता, बसचा दाखवता, गेल्या वर्षीच्या फ्रेशर्स पार्टीचा व्हिडिओ दाखवता. बी.एस्सी.ला कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल असावं, त्यातल्या पाऊणभर खाटा तरी भरलेल्या असाव्यात, एका मुलीमागं तीन पेशंट आणि दहा मुलींमागं एक शिकवणारी असावी, असं नियम सांगतात. हे मोजायला शिकलेलं माणूस लागत नाही. ऊस मोजणारा बाप खाटा मोजू शकतो. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहाला त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन बसायचं. केसपेपर काढायला रांग आहे का? लेबर रूमबाहेर नातेवाईक बसलेत का? वॉर्डातून जेवणाचे डबे जातायत का? खाटेखाली चपला आहेत का? जिथं खरे पेशंट असतात तिथं चपला असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, कुणाची तरी म्हातारी सासू जमिनीवर चादर टाकून झोपलेली असते. भाड्याच्या पेशंटला सासू नसते.

मग हॉस्टेलच्या दाराशी तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठायच्या आणि विचारायचं, "पोरी, तू स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं केलीस?" खऱ्या कॉलेजातल्या मुलीचं तोंड या प्रश्नाला उजळतं. आकडा सांगते आणि वर पहिल्या बाळाची गोष्ट सांगते, न विचारता. दुसऱ्या कॉलेजातली मुलगी वॉचमनकडं बघते.

आणि कागद. कॉलेज ज्या आरोग्य विद्यापीठाला जोडलंय त्याच्या यादीत या वर्षी त्याचं नाव आहे का. आपल्याकडं हे विद्यापीठ नाशिकचं, १९९८ पासून. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का. भारतीय परिचर्या परिषदेचं त्याबद्दल काय म्हणणं आहे. मंजूर जागा किती. यादी जुनी दाखवतील, म्हणून वर्ष वाचायचं. राज्याबाहेरचं असेल तर तिथली पदवी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का, हे प्रवेशाआधी कौन्सिललाच विचारायचं, लेखी. कारण नोंदणी नसेल तर सरकारी भरतीचा अर्ज भरता येत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेलाही नोंदणी लागते. पदवी भिंतीला टांगता येते, नोंदणीवर ड्युटी मिळते.

बाहेरच्या राज्यांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तुम्ही तेवढंच उचलून धराल. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज १९४६ पासून नर्सिंगची पदवी देतं; त्याच साली दिल्लीत, आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावानं चालणारं कॉलेज सुरू झालं. तिथं शिकलेल्या बायकांच्या हाताखाली माझ्या शिक्षिका शिकल्या. कर्नाटक-केरळमधल्या कित्येक कॉलेजांतल्या मुलींबरोबर मी काम केलं आहे आणि त्यांच्याकडून शिकले आहे. खासगी म्हणजे वाईट असंही नाही. माझी तक्रार एवढीच की तुम्ही जिथं पाठवता ती कॉलेजं दलालाशिवाय भरत नाहीत. चांगल्या कॉलेजाला दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाची गरज पडत नाही.

तुम्ही तिला जीएनएमला जाऊ दिलं नाहीत, याचा मला फार राग आहे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं नर्सिंग स्कूल तिच्या घरापासून एसटीनं दोन तासांवर होतं. तीन वर्षांचा डिप्लोमा, फी नावाला, आणि हॉस्पिटल असं की प्रसूती, साप चावलेले, भाजलेले, विष प्यायलेले, अपघाताचे, सगळं एका रात्रीत बघायला मिळतं. "जीएनएम म्हणजे डिप्लोमा, त्याला काय किंमत? डिग्रीच पाहिजे," असं तुम्ही म्हणालात. जीएनएम करून नोंदणी करता येते, नोकरी करता येते आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून तीच बी.एस्सी. पदवी घेता येते. माझ्या हाताखालच्या अर्ध्या मुली अशाच शिकल्या. त्यातल्या काही आज अधिसेविका आहेत. डिग्रीचा हट्ट धरायला हरकत नाही, पण डिप्लोमाची लाज वाटायला लावून पोरीला खोट्या डिग्रीकडं ढकलणं हा गुन्हा आहे.

पैशाचंही तुम्ही लपवलंत. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. ही पोरगी त्यात बसत होती. तिच्या बापाला तुम्ही विचारलंत, "उत्पन्नाचा दाखला आहे का?" त्यानं आहे म्हटलं, काढून दिला. तो दाखला तुम्ही बघितलात आणि बाजूला ठेवलात. म्हणजे कळलं होतं तुम्हाला.

जर्मनीचं काय सांगू. जर्मनीला परिचारिका हव्या आहेत हे खरं आहे. पण तिथं जाऊन सिस्टर म्हणून उभं राहायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते आणि इथलं शिक्षण तिथल्या यंत्रणेनं तासांनिशी तपासून मान्य करावं लागतं. आखाती देशांत जाणाऱ्या सिस्टरची प्रमाणपत्रं मुळाशी जाऊन, विद्यापीठाला आणि कौन्सिलला विचारून तपासली जातात. अमेरिकेची परीक्षा वेगळी, इंग्लंडची वेगळी. पाडव्याच्या दिवशीचे चार कॅथेटर या चाळणीतून जात नाहीत. तुमच्या फ्लेक्सवरचं विमान काढून टाका.

तुम्ही म्हणाल, मान्यता देणारे देतात, तपासणारे पास करतात, मी तर नुसता रस्ता दाखवतो. त्यांचाही हिशेब आहेच. मध्य प्रदेशातल्या बोगस नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं, चौकशी सीबीआयकडं दिली गेली आणि २०२४ मध्ये सीबीआयला आपल्याच निरीक्षकाला अटक करावी लागली. कॉलेजांकडून पैसे घेऊन चांगला अहवाल दिल्याचा आरोप. मधल्या काळात हजारो पोरापोरींच्या परीक्षा लटकल्या. पण तपासणारा त्या पोरीच्या घरी गेला नव्हता. कॉलेजचा मालक तिचं तोंडही ओळखत नाही. तुम्ही तिच्या घरी गेला होतात. ओसरीवर बसून चहा प्यायलात, तिच्या आईला 'ताई' म्हणालात, आणि "लेकीचं सोनं होईल" असं सांगून उठलात. ती बाई अजून तो शब्द धरून बसली आहे. ती म्हणते, सरांची काही चूक नसेल, कॉलेजवाल्यांनी फसवलं असेल. मी तिला खरं सांगितलं आहे. तिला पटलं नाही.

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढलं आणि पुढं विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून लोकांनी नावं ठेवली, घरच्यांनी दारं लावली. त्या बायका तरी गेल्या. तेव्हापासून आजपर्यंत गरीब घरातल्या मुलीला स्वतःच्या पायावर उभं करणारा, गावात मान देणारा हा एक खात्रीचा रस्ता राहिला आहे. पोलीस भरती आणि नर्सिंग, ऊसतोडीच्या वस्तीवर मुलींच्या तोंडी हीच दोन नावं असतात. त्यातला एक रस्ता तुम्ही विकायला काढलात. तुमच्यामुळं फसलेली एक पोरगी परत आली की वस्तीवरच्या दहा बापांना बळ येतं: "बघा, शिकवून काय झालं? लगीन लावा." ती परत आली त्या महिन्यात तिच्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. ती बहीण सतरा वर्षांची आहे. आम्ही अंगणवाडीच्या ताईंना आणि ग्रामसेवकांना सांगून ते थांबवलं. पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही.

आता कामाचं. पोरीनं यंदा सीईटीचा अर्ज भरला आहे, बी.एस्सी.चाही आणि जीएनएमचाही. संध्याकाळी माझ्याकडं येते. जीवशास्त्र तिचं चांगलं आहे, इंग्रजी मी घेते. पट्टा दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं सोडून बांधायचा हे तिला आता येतं. रोज आल्यावर आधी माझं बीपी घेते आणि वहीत लिहून ठेवते, खरी तारीख घालून.

प्रवेशाच्या वेळी बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दोन्ही तुमच्याकडं आहेत. "राहिलेले ४० हजार आणा, मग कागद न्या," असं तुम्ही तिच्या बापाला सांगितलंत. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नका, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये संस्थांना बजावलं आहे. तुम्ही तर संस्थाही नाही. कागद तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात, पिवळ्या फाईलमध्ये आहेत. ठेवताना तिनं पाहिलं आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आणि तिचा बाप येत आहोत. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून तयार आहे, त्याला तिन्ही पावत्या जोडल्या आहेत.

फाईल काढून ठेवा.

एक निवृत्त सिस्टर